एकतीस नंबरची उतरण

१

मी गणित शिकवतो. विद्यापीठात दुसऱ्या मजल्यावर माझी खोली आहे, खिडकीतून लेण्यांचा डोंगर दिसतो. गेल्या मार्चमध्ये शहरात तापाची साथ आली तेव्हा एका रुग्णालयानं आमच्या विभागाबरोबर अभ्यास सुरू केला. दाखल झालेल्या चाळीस रुग्णांचं रक्त दर सहा तासांनी तपासायचं, त्यात विषाणू किती ते मोजायचं, आणि त्या आकड्यांवरून त्यांच्या शरीरात आत काय चाललंय ते मी समीकरणांत मांडायचं.

समीकरणं तीनच. निरोगी पेशी किती, विषाणूनं धरलेल्या किती आणि रक्तात मोकळे फिरणारे विषाणू किती. यातला फक्त तिसरा आकडा मोजता येतो, पहिले दोन ओळखावे लागतात. रोज अकराच्या सुमारास आकडे यायचे, मी चहा घेऊन बसायचो आणि एकेका रुग्णाचा आलेख काढायचो. सगळे आलेख एकमेकांचे भाऊ वाटावेत असे. दोन-तीन दिवस खडी चढण, मग आठवडाभर हळूहळू उतरण. उतरण हळू असते, कारण धरलेल्या पेशी एकेक करून मरतात आणि मरेपर्यंत विषाणू सोडत राहतात.

एकतीस नंबरचा आलेख तसा नव्हता. चढण नेहमीसारखी होती, उतरण मात्र भिंतीसारखी सरळ. चौथ्या दिवशी दुपारपर्यंत रक्तात अमाप विषाणू, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जवळजवळ नाहीत. म्हणजे ज्या पेशी विषाणू तयार करत होत्या त्या सगळ्या एकाच वेळी थांबल्या.

एवढ्या पेशी एकदम मेल्या असतील तर माणूस वाचत नाही. शिवाय पेशी मरून फुटली की तिच्यातली द्रव्यं रक्तात सांडतात आणि तपासणीत सापडतात. एकतीस नंबरच्या रक्तात त्यांचा मागमूस नव्हता. तुमच्या-माझ्या रक्तातही थोडी असतात, कारण धडधाकट माणसाच्याही पेशी रोज मरतच असतात. इथं शून्य.

संगणकानं धरलेल्या पेशींचा मृत्युदर काढून दिला. तोही शून्य. मी आकडे पुन्हा भरले, दुसऱ्या पद्धतीनं सोडवून पाहिलं. चूक सापडली नाही. समीकरणांच्या मते पाचव्या दिवशी त्या शरीरात निरोगी पेशी एकही उरली नव्हती, आणि मेलीही एकही नव्हती.

२

रुग्णालयातलं सगळं काम डॉ. सोनिया पाहायची. ती कन्नड तालुक्यातल्या शेतकरी घरातली, हर्सूलला राहते. वयानं माझ्याहून लहान, कामाला चोख. मी तिला फोन केला.

"नमुना बदलला असेल का गं?"

"नाय सर. मी सोता काढलंय रक्त. दोनदा तपासलं."

"मग तो रुग्ण आता कसा आहे?"

"रुग्ण नाय, बाई हैत. लई छान हैत. सगळ्यांत आधी त्यांनाच सुट्टी दिली आपण."

"मला त्यांचं पुन्हा एकदा रक्त हवंय. घरी जाऊन काढता येईल का? कुठं राहतात?"

फोनमध्ये फक्त वॉर्डातल्या पंख्याचा घरघराट ऐकू येत होता.

"सर, तुम्हीच म्हणले होते, नंबर सांगू नको म्हणून."

तेवढ्यावरून मला कळलं. माझी आई नऊ दिवस त्याच वॉर्डात होती. अभ्यासात नाव घालायला तिनं हौसेनं सही केली होती आणि तिचा नंबर कोणता ते मला सांगू नकोस, असं मीच सोनियाला बजावलं होतं. आपल्या माणसाचे आकडे ओळखीचे झाले की हात हलका पडतो.

"सर? ऐकताय नं?"

"हो," मी म्हणालो. "पुंडलिकनगरला आमच्या घरीच यायचंय तुला."

३

आमचं घर दोन खोल्या खाली, दोन वर आणि वर गच्ची. बाबा गेल्यापासून आई आणि मी दोघंच. सकाळी केसरबाई येतात, धुणंभांडी, केर-फरशी करून दहाला जातात.

आई घरी आली त्याला पंधरा दिवस झाले होते. इतके दिवस मी फक्त खूश होतो. तिचा उजवा गुडघा दुखायचा थांबला होता. कानात बोट घालून "काय म्हणालास?" असं विचारणं बंद झालं होतं. भूक चांगली लागत होती. ताप माणसाला धुऊन काढतो, असं शेजारचे म्हणाले आणि मला ते पटलंही होतं. आता त्याच गोष्टी मी मोजू लागलो. स्वतःच्या आईकडे असं बघणं वाईट असतं. ती भाजी निवडत बसलेली असते आणि आपण तिचा श्वास मोजत असतो.

सगळं तिचंच होतं. आवाज, पदर खोचायची तऱ्हा, दुधावर झाकण ठेवताना स्वतःशी पुटपुटणं. मग ती गोष्ट निघाली.

आईची पहिली नोकरी कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीच्या शाळेत. पहिल्याच दिवशी तिची एसटी चुकली आणि ती एका बैलगाडीत बसून निघाली, अशी ती गोष्ट. लहानपणापासून शंभरदा ऐकलेली. ती दर वेळी वेगळी असायची. गाडीवान कधी बन्सी असायचा, कधी कडूबा. गाडीत कधी कापूस, कधी कडबा. "आई, मागच्या वेळी कडबा होता," मी म्हणायचो आणि ती चिडून म्हणायची, "गाडीत तू होतास की मी?"

त्या आठवड्यात तिनं ती तीनदा सांगितली. सोमवारी मला, बुधवारी शेजारच्या मालनबाईंना, शुक्रवारी पुन्हा मला. तिन्ही वेळा कडूबा, तिन्ही वेळा कापूस. "कापूस इतका मऊ, की माझा डोळा लागला," असं म्हणून ती दोनदा खोकायची, पदर तोंडाशी न्यायची, आणि "उठले तर शाळा नाही, समोर जिनिंग कारखान्याचा दरवाजा!" असं म्हणून हसायची.

पहिल्यांदा मला वाटलं, खोकला तापाचा. दुसऱ्यांदा मी पेला भरून पाणी दिलं. तिसऱ्यांदा ती "मऊ" म्हणाली तेव्हाच माझ्या अंगावर काटा आला, आणि खोकला आला. दोनदाच. एरवी दिवसभरात ती कधीच खोकत नव्हती.

माणसं म्हातारपणी तेच तेच बोलतात, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही आहे.

४

सोनिया रविवारी सकाळी आली. आईनं बाही वर करून हात पुढं केला, रक्त काढून होईपर्यंत सोनियाला गावाकडची विचारपूस केली, आणि सोनिया कन्नडची आहे म्हटल्यावर देवगावची गोष्ट सांगितली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. खोकला आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

दोन दिवसांनी ती विभागात आली, हातात अहवाल घेऊन.

"एकपण विषाणू नाय सर. साफ. आई एकदम बऱ्या हैत. तुम्ही उगंच घाबरले."

मी तिला दोन आलेख दाखवले, एक मी खटपट करून जुळवलेला, दुसरा संगणकानं आधीच दिलेला. दोन्ही एकतीस नंबरचे, दोन्ही मोजलेल्या ठिपक्यांवरून तंतोतंत जाणारे.

"पहिल्यात विषाणूनं फार थोड्या पेशी धरल्या, पण त्या थोड्यांनी बेसुमार विषाणू सोडले. शरीरानं त्यांना वेळेवर आवरलं. बाई बरी झाली. दुसऱ्यात त्यानं झाडून सगळ्या पेशी धरल्या आणि प्रत्येकीनं थोडे थोडे सोडले. मग जायला जागाच उरली नाही म्हणून थांबले. रक्तात दोन्हीकडे शून्यच येणार. भिंतीपलीकडून आवाज ऐकला, तर एक जण ओरडतोय की घरभर माणसं कुजबुजतायत ते कळत नाही."

"मग पैलाच खरा असंल की."

"तोच असेल."

"दुसरा खरा असता तर बाई जित्या कशा ऱ्हातील?"

विषाणूला एकच काम येतं, नक्कल करणं. पेशीत शिरून तो स्वतःच्या नकला काढतो. पण सगळ्या पेशी हाताशी आल्यावर आणि बाहेर कुठं जायचं नसताना तो आतल्या कशाकशाची नक्कल काढत बसेल, हे माझ्या तीन समीकरणांत नव्हतं.

सोनियानं दोन्ही कागद उचलून पुन्हा पाहिले. ती हुशार आहे. "गालाच्या आतून काडी फिरवू," ती म्हणाली. "हा विषाणू उष्ट्यातून पसरतो, तोंडाच्या कातडीत बी बसतो. तिथल्या पेशी सोप्या असत्यात, कापूस लावलेली काडी घासली की हजारो निघत्यात. धरलेल्या की चांगल्या, एका दिवसात कळंल. त्यांना काय दुखणार बी नाय."

मग जरा थांबून तिनं विचारलं, "सर, त्या गोष्टीत त्या खोकल्या नं? वॉर्डात पण मला हीच गोष्ट सांगितली होती. सुट्टीच्या दिवशी."

"खोकल्या होत्या?"

तिनं मानेनं हो म्हटलं.

५

आमच्याकडे पाणी पाच दिवसांनी येतं. त्या गुरुवारी पाण्याची पाळी होती. दुपारी तास नसल्यानं मी लवकर घरी निघालो. स्कूटर कोपऱ्यावर लावून चालत आलो, कारण गल्लीत टँकर आडवा उभा होता.

आदल्या दिवशी मी आईला गुडघ्याबद्दल विचारलं होतं. "एकदम कसा गं बरा झाला?" इतकंच. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला काय हवंय ते माझ्या तोंडावर वाचावं तसं पाहिलं. आणि संध्याकाळी ती देवघरातून उठताना "आई गं!" म्हणून गुडघा धरून बसली. मला इतकं बरं वाटलं, की मी तिला तेल चोळून दिलं.

टँकरच्या आडून मला आमचा बाहेरचा जिना दिसत होता. आई दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन वर चढत होती. चढत म्हणजे, जवळजवळ पळत. अडुसष्ट वर्षांची बाई, एकेक पायरी सोडून. बादलीतलं पाणी हिंदकळतसुद्धा नव्हतं. वर टाकीत ओतून ती खाली यायची आणि पुन्हा जायची. मी सात खेपा पाहिल्या. शेवटच्या खेपेलाही तिचा वेग पहिल्याइतकाच होता.

ती घरात गेल्यावर मी फाटकाची कडी वाजवली. आत पावलं थांबली. मग दाराकडे येऊ लागली. एक पाऊल, मग फरफट. एक पाऊल, फरफट. दाराआड ती कण्हली आणि तिनं दार उघडलं.

"लवकर आलास? बरं झालं. ते पाणी वर न्यायचं राहिलंय. माझ्यानं काही होत नाही बाबा."

तिचा पदर कोरडा होता, कपाळ कोरडं होतं. पाठीमागं मोरीत दोन बादल्या होत्या, दोन्ही भरलेल्या. मी त्या उचलून वर नेल्या. टाकीचं झाकण उघडलं तर टाकी काठोकाठ भरली होती. मी दोन्ही बादल्या गच्चीवर ओतून दिल्या आणि ऊन लागत असूनही तिथंच उभा राहिलो. ती माझ्यासाठी लंगडत होती. मला भीती वाटू नये म्हणून. असं माझी आईच करेल, हा विचार मनात आला आणि त्यानं मला धीर आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी केसरबाई फरशी पुसता पुसता म्हणाल्या, "दादा, एक इचारू? आई केस इंचरत नाहीत का?"

"विंचरतात की. रोज."

"मंग फणीत एक केस नाय. पलंगाखाली नाय, मोरीच्या जाळीत नाय. आधी गुंतवळ निघायचं. लई दिस झालं बघते." त्यांनी फडका पिळला. "मी आपली सहज म्हणले. तापानं केस झडत्यात, आईचं उलटंच."

सोमवारी केसरबाई आल्या नाहीत. मालनबाईंनी सांगितलं, त्यांनी दुसरं काम धरलंय.

६

त्याच सोमवारी मी आईसमोर खुर्ची ओढून बसलो. सकाळचे नऊ वाजले होते, खोलीत चांगला उजेड होता. सोनियानं दिलेली काडी आणि काचेची नळी माझ्या हातात होती.

"आई, तोंडातून एक नमुना घ्यायचाय. अभ्यासासाठी."

"मागच्या रविवारी रक्त दिलं ना?"

"त्यातून कळलं नाही."

"काय कळायचंय तुला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. लहानपणी मी परीक्षेत नापास झालो तेव्हा ती अशीच बघत होती.

"हिमांशू, मला सगळं आठवतं," ती म्हणाली. "तुझ्या बाबांच्या हातावरचा डाग आठवतो. तुला गोवर आला तेव्हा मी अकरा दिवस पाठ टेकली नव्हती, ते आठवतं. आधी नीट आठवत नव्हतं, आता एकेक दिवस आठवतो. मग अजून काय लागतं?"

"काही नाही गं. नुसता नमुना."

"घे. पण मला एक सांग. त्यात मी नाही असं निघालं, तर मला कुठं नेऊन सोडशील?"

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मी नळीचं बूच काढलं, पुन्हा लावलं. तिनंच माझं मनगट धरलं आणि तोंड उघडलं.

मी मोबाईलचा दिवा लावला. तोंडात संशय यावा असं काही नव्हतं. जीभ, दाढा, पडलेल्या दाढेची जागा. मी काडी गालाच्या आतल्या बाजूला न्यायला लागलो. अजून बोटभर अंतर होतं, आणि गालाची आतली कातडी काडीकडे आली. वाऱ्यानं पडदा फुगावा इतकीच. काडी मी खाली घेतली, तर फुगवटा खाली सरकला. वर घेतली, तर वर आला.

आई हलली नव्हती. माझ्याकडे प्रेमानं पाहत होती.

मी काडी टेकवली, घासली, बाहेर काढली आणि नळीत घातली. एवढंच मला नीट आठवतं. दिवा हलला असेल, सावली सरकली असेल. तेव्हाही मी स्वतःला हेच म्हणालो.

७

सोनियानं मला प्रयोगशाळेत बोलावलं नाही, ती विभागात आली. दार लावून घेतलं आणि उभीच राहिली.

"सर, काडी तुम्ही नीट फिरवली होती?"

"हो."

"ओली हाय, लाळ हाय. पेशी एकपण नाय." तिचा आवाज खाली गेला. "मी दुसऱ्या दोघांना दाखवलं. असं होत नाय सर. तोंडातली कातडी सारखी मरती, सुटती. मेलेल्या माणसाच्या तोंडात काडी घातली तरी हजार पेशी येत्यात. इथं एक बी सुटली नाय. जशी काय धरून बसलीय समदी."

मग तिनं नोंदवही उघडली. एकतीस नंबरसमोरचा शेवटचा रकाना रिकामा होता.

"काय लिहू?"

"पहिलाच आलेख खरा धर," मी म्हणालो. "बरी झाली, असं लिही."

"सर, तुम्ही त्या घरात ऱ्हाता."

"माझी आई आहे ती."

तिनं लिहिलं. जाताना तिनं दाराची कडी हातरुमालानं धरली. त्या दिवसानंतर तिनं मला फोन केलेला नाही.

ती गेल्यावर मी दुसरा आलेख पुन्हा उघडला आणि काळ वाढवत नेला. वर्षभर, दहा वर्षं, शंभर वर्षं. ज्या शरीरातली एकही पेशी मरत नाही, त्याचा आलेख कसा दिसतो ते मला पाहायचं होतं. तो आडव्या रेघेसारखा दिसतो. कागद संपला तरी रेघ खाली येत नाही. लहानपणी आईचा डोळा लागला की मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायचो आणि देवाला म्हणायचो, हिला कधी काही होऊ नये.

दुपारी मी जेवायला घरी गेलो. आईनं दोन पानं घेतली होती. भरली वांगी, ज्वारीची भाकरी, ठेचा. तिनं लंगडायचं सोडून दिलं होतं आणि मीही त्याबद्दल काही विचारलं नाही. आम्ही समोरासमोर बसलो.

"तुझं वय किती रे आता?" तिनं विचारलं.

"चौतीस."

ती मनाशी काहीतरी जुळवत राहिली. मग तिचा चेहरा असा झाला, की मी जेवण विसरून तिच्याकडे बघत राहिलो. बाबा गेले त्या दिवशीही तिच्या तोंडावर एवढं दुःख मी पाहिलं नव्हतं.

"तुझी थोडीच वर्षं राहिली रे मग," ती म्हणाली.

तिनं आपल्या पानातल्या भाकरीचा तुकडा मोडला, वांग्याच्या रश्शात बुडवला. त्यातला अर्धा तिनं खाल्ला. उरलेला अर्धा, दातांच्या खुणा असलेला, तिनं ताटावरून माझ्या तोंडाशी आणला. तिचा हात जराही हलत नव्हता.

"घे," आई म्हणाली. "माझ्या हातचा एक घास."

मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.